नव्या एआरटी गोळ्या मुलीला सोसत नाहीत, म्हणून काही दिवस बंद करून पाहाव्यात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची आठ वर्षांची भाची आई-वडिलांच्या पश्चात तुमच्या आईजवळ, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी राहते आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापासून एचआयव्हीवरची औषधे घेत आहे. दीड महिन्यापूर्वी एआरटी केंद्राने, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे (एआरटी) देणाऱ्या केंद्राने, झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि लोपिनाविर-रिटोनाविर हा जुना संच बंद केला आणि अबाकाविर-लॅमिव्हुडिनची एकत्र गोळी व सोबत डोल्युटेग्राविर सुरू केले. त्यानंतर सकाळची मळमळ व अधूनमधून उलटी, रात्री झोप मोडणे, हातापायांवर खाजरे पुरळ आणि कधी कधी डोळ्यांत पिवळी झाक, असे चार त्रास घरच्यांच्या नजरेस आले. आजींचे म्हणणे आहे की गोळ्या उष्ण पडत आहेत. आठ-दहा दिवस बंद ठेवू, बरे वाटले की पुन्हा सुरू करू. ते योग्य नसेल तर जुन्याच गोळ्या मागून घ्याव्यात का, असेही तुम्ही विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. घरच्या घरी बंद करून पुन्हा सुरू करून पाहणे हा मार्ग या मुलीच्या बाबतीत कृपया धरू नका. औषधात खंड पडू नये हे तर खरेच. पण इथे दुसरे आणि अधिक तातडीचे कारण अबाकाविर हे आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि विदर्भात एचआयव्ही असलेल्या मुलांवर बरीच वर्षे उपचार करत आलो आहे. तरीही मुलीला न पाहता मी काही ठरवू शकत नाही. तिचे वजन, हिमोग्लोबिन, मागच्या तपासणीतील विषाणूंचे प्रमाण, तिला ताप येतो की नाही, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, यांतले काहीच तुमच्या पत्रात नाही आणि उत्तराचा अर्धा भाग त्यावरच अवलंबून आहे. म्हणून मी निदान करत नाही. अशी तक्रार घेऊन कोणी माझ्यापुढे बसले, तर मी ती कशी उलगडतो तेवढे सांगतो.

माझ्या मते खरी अडचण अशी आहे की चार वेगवेगळे त्रास एकाच गाठोड्यात बांधून ते नव्या गोळ्यांच्या माथी मारले गेले आहेत. चारही त्रास एकाच औषधाचे असतील असे नाही आणि त्यांतले एक-दोन औषधाचे नसण्याचीही बरीच शक्यता आहे. हे सोडवण्याचे माझे पहिले साधन रक्ततपासणी नसून तारीख आहे. एचआयव्हीवरच्या जवळजवळ प्रत्येक औषधाच्या दुष्परिणामांचा काळ ठरलेला असतो: काही पहिल्या दोन आठवड्यांत दिसतात आणि मावळतात, काही पहिल्या दीड महिन्यात येतात, काही रक्तातून सहा महिन्यांनी कळतात, तर काहींना वर्षे लागतात. त्यामुळे भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा आणि नव्या गोळीचा पहिला दिवस, पहिली उलटी, पुरळ पहिल्यांदा दिसल्याचा दिवस, डोळे पिवळे वाटल्याचा दिवस, अशा चार खुणा आजींना विचारून करा. अचूक तारीख आठवली नाही तरी चालेल; पोळ्याच्या आधी की नंतर, कापूस वेचणी सुरू झाली होती की नव्हती, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. आठ वर्षांच्या मुलीलाही विचारा. कोणती गोळी घेतल्यावर पोटात ढवळते, हे मुले मोठ्यांपेक्षा नेमके सांगतात.

आता अबाकाविर. बहुतेक मुलांना हे औषध उत्तम सोसते आणि लहान वयात ते आमचे भरवशाचे औषध आहे. परंतु थोड्या रुग्णांत, विशिष्ट आनुवंशिक गुणधर्म असलेल्यांत, त्याची तीव्र ॲलर्जी उद्भवते. तो गुणधर्म शोधणारी रक्तचाचणी आहे, पण आपल्याकडे जिल्हा पातळीवर ती सर्रास होत नाही, म्हणून लक्षणांवरच नजर ठेवावी लागते. ही ॲलर्जी बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत आणि त्यातही दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. तिच्यात ताप, अंगावर पुरळ, उलटी-जुलाब किंवा पोटदुखी, कमालीचा थकवा आणि खोकला, घसादुखी किंवा धाप यांपैकी दोन किंवा अधिक लक्षणे एकत्र येतात. तिची खरी ओळख अशी, की प्रत्येक डोसानंतर त्रास आधीपेक्षा वाढलेला असतो: आज सकाळी जेवढा होता त्याहून संध्याकाळी अधिक, उद्या त्याहूनही अधिक. औषध थांबवले की एक ते तीन दिवसांत मूल ताजेतवाने होते.

आजींचा बेत इथेच घातक ठरू शकतो. समजा मुलीला ही ॲलर्जी असेल आणि गोळ्या बंद केल्या, तर दोन दिवसांत ती हसू-खेळू लागेल. घरच्यांना वाटेल, बरे झाले, आता पुन्हा सुरू करू. ॲलर्जी झालेल्या रुग्णाला अबाकाविर पुन्हा दिले, तर काही तासांतच रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून आमचा नियम असा आहे की ॲलर्जीची शंका पक्की ठरून अबाकाविर एकदा थांबवले, की ते त्या मुलाला आयुष्यात पुन्हा द्यायचे नाही आणि तशी ठळक नोंद उपचार पुस्तिकेवर करायची. आणि शंका पक्की ठरत नसेल तर ते उगाच थांबवायचेही नाही, कारण मग एक चांगले औषध या मुलीच्या वाट्यातून कायमचे जाते. थांबवायचे की चालू ठेवायचे, हा निर्णय मुलीला तपासून, लेखी नोंद ठेवूनच व्हायला हवा.

तुमच्या भाचीला ही ॲलर्जी आहे असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. दीड महिना ती गोळ्या घेत आहे, त्रास दिवसागणिक वाढत असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही, ती शाळेत जाते आणि तापाचा उल्लेख नाही. पण पुरळ आणि उलटी ही दोन लक्षणे आहेत, आणि तिसरे, म्हणजे ताप, तुम्ही लिहायचे राहिले आहे की खरोखरच नाही, हे मला ठाऊक नाही. ताप असेल, किंवा पुरळ आणि उलटी एकाच दिवशी सुरू होऊन प्रत्येक डोसाबरोबर वाढत असतील, तर उद्याची वाट न पाहता आजच रुग्णालय गाठा. आपल्याकडे यात आणखी एक गुंता असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर हिवताप, डेंगी आणि साधे विषाणूजन्य ताप गावोगाव असतात, आणि त्यांतही अंगदुखी, उलटी, पुरळ असतेच. गडचिरोलीकडच्या मुलांत तर हिवतापाची तपासणी केल्यावाचून मी अबाकाविरवर आळ घेत नाही. तेव्हा तापाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना मूल अबाकाविरवर आहे हे आवर्जून सांगा.

झोपेची तक्रार मात्र डोल्युटेग्राविरची असू शकते. झोप उशिरा लागणे, मध्येच जाग येणे, स्वप्ने पडणे, डोके दुखणे आणि थोडी मळमळ हे या औषधाचे परिचयाचे त्रास आहेत आणि ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. तुम्ही ही गोळी रात्री देत असाल, तर केंद्रातील समुपदेशकांना फोनवर विचारून ती सकाळी द्यायला लागा. वेळ बदलताना मध्ये एक दिवस कोरा जाऊ देऊ नका; रात्रीचा डोस दिल्यावर लगेच दुसऱ्या सकाळपासून नवी वेळ धरायची. माझ्याकडच्या मुलांत एवढ्या बदलाने बहुतेकांची झोप सुधारते. मूल अतिशय उदास, चिडचिडे किंवा हट्टाने अबोल झाले असेल, तर मात्र ते वेळ बदलण्यापुरते सोडू नये. ते डॉक्टरांसमोर मांडावे.

सकाळच्या उलटीबद्दल मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे: गोळी देण्यापूर्वी तिच्या पोटात काय असते? आजींना शेतात जायचे असते, म्हणून पहाटे सहाला कोरा चहा आणि त्यावर गोळ्या, असा क्रम मी असंख्य घरांत पाहिला आहे. या संचातील औषधे अन्नासोबत घेता येतात. अर्धी भाकर, आदल्या रात्रीचा वरण-भात, मूठभर मुरमुरे, जे घरात असेल ते आधी खाऊ द्या आणि मग गोळी द्या. पाण्यात विरघळणारी गोळी असेल तर ती स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा, आणि पेल्याच्या तळाशी राहिलेला साका थोड्या पाण्याने हलवून तोही पाजा, नाहीतर डोस अपुरा पडतो. गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यावा. त्यानंतर झाली तर पुन्हा देण्याची गरज नसते.

शाळेचा संबंधही तपासा. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळेतून आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची गुलाबी गोळी मिळते. त्यात ४५ मिलिग्रॅम लोह असते. लोहाने स्वतःच मळमळ होते आणि शौचाला काळी होते, म्हणून उलटीचे वार आणि शाळेतील गोळीचा वार जुळतात का ते पाहा. शिवाय रिकाम्या पोटी लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्ताचे पातळ औषध डोल्युटेग्राविरच्या जोडीने पोटात गेले, तर डोल्युटेग्राविर नीट शोषले जात नाही. त्यासाठी डोल्युटेग्राविर अशा औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्यावे. लोह किंवा कॅल्शियम असेल तर दोन्ही जेवणासोबत दिली तरी चालतात; आम्लपित्ताच्या औषधाला मात्र ही सवलत नाही. सकाळी सातला डोल्युटेग्राविर आणि दुपारी शाळेतील जेवणानंतर गुलाबी गोळी, असा क्रम असेल तर काही बिघडत नाही. यासाठी शिक्षकांना मुलीचा आजार सांगण्याची मुळीच आवश्यकता नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, ही माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिलेला आहे आणि या आजाराच्या कारणावरून मुलाला शाळेत वेगळे वागवणे बेकायदेशीर ठरवले आहे.

पुरळाविषयी थोडक्यात लिहितो, कारण न पाहता त्यावर फार बोलणे व्यर्थ आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कमरेला खाज असेल, रात्री ती वाढत असेल आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर ती बहुधा खरूज आहे. सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावल्याशिवाय ती जाणार नाही. उघड्या हातापायांवरच कडक पुटकुळ्या असतील तर एचआयव्ही असलेल्या मुलांत कीटकदंशाची तशी प्रतिक्रिया वारंवार दिसते. मुलगी इतर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिले जाणारे कोट्रायमोक्साझोल घेत असेल तर ते औषधही पुरळासाठी प्रसिद्ध आहे, आणि बऱ्याच घरांत त्याला औषध समजतच नाहीत, कारण ती जुनीच पांढरी गोळी असते. पुरळ कोणतेही असो, तोंडात किंवा ओठांवर फोड, डोळे लाल होणे, कातडी सोलणे किंवा फोडात पाणी भरणे, यांपैकी काही दिसले तर तासाभराचाही विलंब नको.

सगळ्यात जास्त वेळ मी पिवळ्या डोळ्यांना देईन, कारण चार तक्रारींत हीच नव्या गोळ्यांशी सर्वांत कमी जुळते. एचआयव्हीवरचे अटाझानाविर नावाचे एक औषध आहे, ज्याने डोळे पिवळे दिसतात पण यकृताला इजा नसते; तुमची भाची ते घेत नाही. अबाकाविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांनी यकृताला त्रास होणे अशक्य नाही, पण अशी येणारी-जाणारी पिवळी झाक ही त्यांची नेहमीची रीत नव्हे. मग मी आधी कुठे पाहतो? पहिली शंका दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीची, विशेषतः गावात आणखी मुले आजारी असतील तर. दुसरी, क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड चालू आहे का. त्याने यकृताला सूज येऊ शकते. तिसरी शंका आपल्या भागातल्या डॉक्टरने कधीच विसरू नये अशी आहे, ती म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट आणि तुमचा यवतमाळ जिल्हा, सगळीकडे सिकलसेल आहे आणि तो कोणा एका समाजापुरता नाही. एचआयव्हीचे निदान झालेल्या मुलांत पुढचा प्रत्येक त्रास त्या एकाच आजाराच्या किंवा त्याच्या औषधांच्या खात्यावर टाकला जातो आणि सिकलसेलची चाचणी राहून जाते. सिकलसेलग्रस्त मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे डोळे कधी पिवळे, कधी स्वच्छ असा खेळ चालतो. ताप, थंडी किंवा पाणी कमी पिणे यांनी तो वाढतो. सोबत हातपाय दुखणे, पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा किंवा वारंवार फिकटपणा असेल तर शंका अधिक बळावते. केवळ वाहक असलेल्या, म्हणजे अहवालात ‘एएस’ लिहिलेल्या मुलांना सहसा असा त्रास होत नाही. ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांना होतो. शाळेत झालेली पहिली चाचणी फक्त चाळणी असते, ती होकारार्थी आली तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी दुसरी चाचणी करावीच लागते. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे ही तपासणी आता शासकीय दवाखान्यांतून सहज मिळायला हवी.

हे इतके लांबवून सांगण्याचे कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. जुन्याच गोळ्या परत मागाव्यात का? त्या संचातील झिडोव्हुडिन अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांतील रक्त तयार करणाऱ्या भागावर, दाब आणते आणि रक्त कमी करते. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांत घडते, आणि म्हणून ती सुरू केल्यावर आम्ही पंधराव्या दिवशी, पहिल्या महिन्यात आणि तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन पाहतो. हिमोग्लोबिन ९ पेक्षा कमी असलेल्या मुलाला ती देणे टाळतात. विदर्भातील ज्या मुलांचे रक्त कुपोषण, जंत, हिवताप किंवा सिकलसेल यांनी आधीच कमी असते, त्यांच्यात हा भार दुप्पट होतो. आणि सिकलसेलसाठी दिले जाणारे हायड्रॉक्सियुरियाही अस्थिमज्जेवरच काम करत असल्याने ही जोडी मी टाळतो. भाची पाच वर्षे त्या गोळ्यांवर बरी होती, हे खरे असेल. पण ‘बरी’ म्हणजे तिचे हिमोग्लोबिन किती होते, ते पुस्तिकेत पाहा. लोपिनाविर-रिटोनाविर दिवसातून दोनदा द्यावे लागते, चवीला कडू असते, जुलाब होतात आणि वर्षानुवर्षे घेतल्यावर रक्तातील चरबी वाढते. सवयीमुळे घरच्यांना हे त्रास दिसेनासे झालेले असतात, आणि नव्या गोळीचा नवा त्रास मात्र लगेच डोळ्यांत भरतो.

जुना संच निकामी झाला म्हणून बदलला, असेही समजू नका. नाको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर देशभरच मुलांना डोल्युटेग्राविरकडे नेण्यात येत आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘ओडिसी’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत आफ्रिका, थायलंड आणि युरोपातील ७०७ मुलांचा समावेश होता. ९६ आठवड्यांत डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांपैकी १४ टक्के मुलांत उपचार अपुरे ठरले, तर नेहमीच्या इतर संचांवरील मुलांत हे प्रमाण २२ टक्के होते आणि गंभीर दुष्परिणाम अधिक नव्हते. पूर्वी याहून त्रासदायक औषधे आम्ही वापरलेली आहेत. स्टॅव्हुडिनने मुलांचे गाल बसत आणि हातपाय काटक्यांसारखे दिसत. शेजारपाजारी त्यावरून आजार ओळखत. नेव्हिरापिनने अंगभर पुरळ येई, म्हणून पहिले चौदा दिवस अर्ध्या मात्रेवर काढावे लागत. इफाव्हिरेंझने मुले रात्री दचकून उठत. त्या तुलनेत आजचा संच सौम्य आहे, असे मी जबाबदारीने म्हणू शकतो. तरीही तुमच्या भाचीला तो सोसतच नाही असे तपासणीअंती ठरले, तर बदल करता येतो; तो मागे जाऊन जुनाच घ्यावा की आणखी वेगळा, हे तिच्या हिमोग्लोबिनवर आणि विषाणूंच्या प्रमाणावर ठरेल.

आठ-दहा दिवसांच्या खंडाने काय होते, तेही आजींना सांगायला हवे. मात्र ‘तुम्हाला काही समजत नाही’ या सुरात नको. पाच वर्षे रोज दोन वेळा लेकराच्या तोंडात कडू औषध घालणाऱ्या त्या आहेत, आणि त्यांनी पाहिलेला त्रास खरा आहे. त्यांना असे सांगता येईल: हा विषाणू औषधाने दबून राहतो, मरत नाही. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत तो रक्तात पुन्हा वाढतो. शिवाय सगळी औषधे शरीरातून एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. काही लवकर संपतात, काही रेंगाळतात, आणि उरलेल्या एकट्या औषधापुढे विषाणू त्याला दाद न देण्याचे वळण घेतो. मोठ्या माणसाला पर्यायी औषधे तरी बरीच आहेत. आठ वर्षांच्या मुलीला पुढची साठ वर्षे काढायची आहेत आणि तिच्या मापाच्या औषधांची यादी मुळातच छोटी आहे. काविळीसाठी गावठी औषध देण्याचा विचार घरात असेल तर तोही तपासणी होईपर्यंत थांबवा. त्यात काय असते हे कोणालाच ठाऊक नसते आणि नंतर यकृताच्या तपासणीचा अर्थ लावणे कठीण होऊन बसते.

मात्रेबद्दल एक सूचना, कारण मुलांच्या बाबतीत ती मोठ्यांहून अधिक महत्त्वाची आहे. मुलांची मात्रा वजनावर ठरते. २० किलोच्या पुढे डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची मोठी गोळी देतात; त्याखाली १० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या वजनाप्रमाणे मोजून देतात. या दोन प्रकारच्या गोळ्या शरीरात सारख्या शोषल्या जात नाहीत, त्यामुळे लहान गोळ्या संपल्या म्हणून मोठी तोडून देणे किंवा पाच लहान मिळून एक मोठी धरणे चुकीचे आहे. दर भेटीत वजन झालेच पाहिजे. औषध आणायला तुम्ही एकटेच जात असाल, तर गावच्या अंगणवाडीत वा उपकेंद्रात केलेले ताजे वजन लिहून न्या. पुढे ती दहा वर्षांची आणि ३० किलोची झाली की अबाकाविरच्या जागी बहुधा टेनोफोव्हिर येईल. ते मूत्रपिंड आणि हाडांवर महिन्या-वर्षांच्या हिशेबाने परिणाम करू शकते, म्हणून तेव्हा लघवी आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनची तपासणी नियमित हवी. डोल्युटेग्राविरने क्रिएटिनिनचा आकडा किंचित वर सरकतो, पण तेवढ्याने मूत्रपिंड बिघडले असे होत नाही. हे माहीत नसलेला डॉक्टर उगाच घाबरवू शकतो.

आता करायचे काय. ताप नसेल, मुलगी खात-पीत असेल आणि त्रास वाढत नसेल, तर गोळ्या चालू ठेवून या आठवड्यातच तिला एआरटी केंद्रात घेऊन जा. पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नका. वेचणीचे दिवस आहेत, मजुरी बुडते आणि एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो, याची मला कल्पना आहे. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात लिंक एआरटी केंद्र, म्हणजे मुख्य केंद्राला जोडलेले छोटे केंद्र, असेल तर आधी तिथे दाखवा, प्राथमिक तपासण्या तिथेही होतात. हिमोग्लोबिनसह रक्तपेशींची मोजणी, बिलिरुबिन या रक्तातील पिवळ्या द्रव्याचे दोन्ही भाग, यकृताची सूज दाखवणारी एसजीपीटी, सिकलसेलची चाचणी आणि वर्ष उलटले असेल तर विषाणूंचे प्रमाण, एवढे मी मागवले असते. बिलिरुबिन वाढलेले पण एसजीपीटी सरळ, आणि हिमोग्लोबिन कमी असेल, तर बोट यकृताऐवजी रक्ताकडे जाते. एसजीपीटी अनेक पटींनी वाढलेली असेल तर काविळीचा विषाणू किंवा औषध. सर्व गोळ्यांच्या डब्या, शाळेतून मिळालेल्या आणि खासगी दवाखान्यातून आणलेल्या औषधांसह, एका पिशवीत घालून न्या. फिट येण्यावरच्या काही गोळ्या आणि क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविरचा प्रभाव कमी करतात; तेव्हा कोणताही नवा डॉक्टर औषध लिहिण्यापूर्वी त्यांना या डब्या दिसल्या पाहिजेत.

पण ताप आणि त्यासोबत पुरळ, उलटी वा धाप, तोंडात फोड, डोळे गडद पिवळे होऊन मुलगी सुस्त पडणे किंवा बरळणे, पोटात असह्य कळ, काहीच पोटात न टिकणे, यांतले काहीही असेल तर १०८ ला फोन करून त्याच दिवशी, रात्र असली तरी, जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. वाटेत पुढच्या डोसाची वेळ झाली तर तो द्यायचा की नाही, हे एआरटी केंद्राच्या किंवा रुग्णालयातील डॉक्टरांना विचारूनच ठरवा आणि ‘अबाकाविर चालू आहे’ हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. केंद्राचा फोन लागत नसेल तर १०९७ या निःशुल्क क्रमांकावर एचआयव्हीविषयी मार्गदर्शन मिळते, मात्र तातडीच्या त्रासात त्यासाठी थांबू नये.

तपासण्या झाल्यावर हिमोग्लोबिन, बिलिरुबिनचे दोन्ही आकडे, एसजीपीटी, मुलीचे वजन आणि दिनदर्शिकेवरच्या त्या चार खुणा कळवा, म्हणजे मला अधिक नेमके लिहिता येईल. अहवालाचे छायाचित्र पाठवू नका, त्यावर मुलीचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. आकडे हाताने लिहून पाठवले तरी पुरे.